पाऊल टेकेपर्यंत

प्रदर्शन बघायला माणसं हौसेनं निघतात. जयवंताबाई दाढ काढायला निघावं तशा निघाल्या होत्या. मलकपेठेतून रिक्षात बसल्यापासून त्यांचा एकच धोशा : गॅस बंद केला का, दूध फ्रीजमध्ये ठेवलं का, आणि एवढ्या उन्हाचं हे बघायला जायची काही गरज होती का. शेजारी त्यांची लेक योगिनी मांडीवर स्टीलचा थर्मास धरून ऐकत होती. तेहतीस वर्षांची, कंपनीत पन्नास माणसांवर देखरेख करणारी बाई, पण आईपुढं तिची मात्रा चालत नसे.

"आई, नक्को वाटत असेल तर वापस जाऊ," ती शेवटी म्हणाली. "आज शेवटचा दिवस म्हणून म्हटलं होतं. जबरदस्ती नाही."

"निघालोय तर बघून येऊ की."

चादरघाटचा पूल ओलांडताना त्यांनी डावीकडं, अफझलगंजच्या बाजूला बघितलं नाही. एकोणतीस वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. नवरा हरवला तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं, की उदयभाऊ अफझलगंजच्या बसस्टँडजवळ दिसले, हातात चहाची किटली घेऊन. ते खरं की खोटं याचा छडा कधी लागला नाही. जयवंताबाई कुंकू लावत राहिल्या आणि त्या बाजूला बघायचं त्यांनी सोडून दिलं.

प्रदर्शन होतं हणमंतराव सरांचं. हातानं काढलेल्या चित्रांचे सिनेमे करणारा हा माणूस गेल्या वर्षी वारला, आणि मेल्यावर मोठा झाला. जिवंतपणी जामबाग भागातल्या तीन खोल्यांच्या स्टुडिओत बसून टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमांसाठी पाच-पाच मिनिटांच्या गोष्टी करायचा, तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. जयवंताबाई तिथं चोविसाव्या वर्षी लागल्या त्या चित्रकार म्हणून नव्हे. त्यांचं काम मधल्या चित्रांचं. एक माणूस दारातून बाहेर पडतो असं दाखवायचं तर सर पहिलं चित्र काढत, मग नववं, मग सतरावं. ही मुख्य चित्रं. त्यांच्या मधली सात-सात भरायची ती जयवंताबाईंनी, खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर कागदावर कागद ठेवून. एका सेकंदाला बारा चित्रं लागायची. नाव सरांचं आणि पाठदुखी जयवंताबाईंची.

संग्रहालय कोठी भागाच्या पलीकडं एका जुन्या दगडी इमारतीत होतं. आत शिरल्या शिरल्या भिंतीभर अक्षरं : 'रेषेत प्राण फुंकणारा किमयागार'.

"प्राण कसला," जयवंताबाई म्हणाल्या, "दिवसभर बिड्या फुंकायचा. कागदांना भोकं पडायची."

योगिनी हसली. आई बोलायला लागली म्हणजे बरं चाललंय, असा तिचा हिशेब होता. पुढच्या दालनात मात्र जयवंताबाई काचेवर वाकून राहिल्या. काचेखाली त्यांच्याच हातची चित्रं मांडली होती, प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक 'ज'. सरांकडं तशी पद्धतच होती. ज्याचा हात लागेल त्यानं कोपऱ्यात आपलं अक्षर टाकायचं, चूक झाली तर कुणाला बोलायचं ते कळायला. त्या अक्षरावरूनच प्रदर्शनवाल्या मुलीनं त्यांना शोधून काढलं होतं.

ती मुलगी, ऋचा, लगबगीनं आली. पुण्याची होती, दोन वर्षांपासून इथं नोकरीला. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, तुम्ही आलात, फार बरं वाटलं. दोन महिने वाट बघतेय. तुम्हाला चौदावा प्रसंग दाखवायचाय."

"तो कशाला दाखवतेस," जयवंताबाई म्हणाल्या. "मीच काढलाय तो."

"अर्धा काढलात," ऋचा म्हणाली. "म्हणूनच तर."

चौदावा प्रसंग म्हणजे तोच, माणूस दारातून बाहेर पडतो तो. पाठमोरा, हात रिकामे, समोर दाराचा उजेड. या चालीसाठी सरांना नमुना हवा होता आणि तो घरातच सापडला. उदयभाऊ, जयवंताबाईंचे यजमान, तिथंच कॅमेऱ्यावर होते. सरांनी त्यांना दारातून वीसदा बाहेर जायला लावलं होतं. त्यामुळं कागदावरचा माणूस दुसरा कुणी नव्हता. तो डावा खांदा किंचित पाडून चालायचा, तसा उदयभाऊच चालत.

शेवटचं चित्र छत्तिसावं. एक पाय उंबऱ्याच्या आत, दुसरा उंबऱ्यावरून पलीकडं निघालेला, हवेत. त्यापुढं कोरं. खाली सरांची जुनी फाईल उघडून ठेवलेली, आणि तिच्यावर त्यांच्या अक्षरात एकच ओळ : पाऊल टेकायचं आहे.

सरांचा एक नियम होता. एकदा पाऊल उचललं की ते टेकेपर्यंत मान वर करायची नाही. कुणी हाक मारो, फोन वाजो, घर पेटो. "मान वर केली," सर म्हणायचे, "की पुढचं पाऊल दुसऱ्याच माणसाचं पडतं." आणि ते खरंही होतं. मध्येच उठून आलं की हाताचा भार बदलतो, चाल बदलते. नवी पोरं हसायची, पण जयवंताबाईंनी हा नियम देवाच्या वातीसारखा पाळला. तोच त्यांच्या गळ्याशी आला.

पंच्याण्णव सालच्या त्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजत आले होते. चार वर्षांची योगिनी टेबलाखाली रद्दी कागदांवर रेघोट्या मारता मारता झोपून गेली होती. तेहतिसावं आणि एकेचाळिसावं चित्र सरांनी देऊन ठेवलेलं, आणि जयवंताबाई मधली भरत होत्या. छत्तिसावं चाललं होतं. उदयभाऊ किटली घेऊन दारात आले. इराण्याकडून चहा आणायला रोज तेच जात. कागदावर त्यांची सावली पडली.

"जयू, निघू का?"

पाऊल हवेत होतं. जयवंताबाईंनी मान वर केली नाही. थोड्या वेळानं सावली गेली. तासाभरानं चहा आला नाही तेव्हा त्या उठल्या, पाऊल तसंच हवेत ठेवून, आणि त्यानंतर त्या टेबलाशी पुन्हा कधी बसल्या नाहीत. पोलीस झाले, दवाखाने झाले, पेपरात फोटो झाला. सासूबाई मरेपर्यंत एकच वाक्य म्हणत राहिल्या : नवरा दारात उभा आणि हिची मान वर होईना. सरांनी एकेचाळिसावं चित्र फाडून टाकलं आणि तो सिनेमा सोडून दिला.

लोकांना जयवंताबाईंनी सांगितलं होतं, त्यांनी एकदा विचारलं, मी कामात होते. हे निम्मं खरं होतं. उदयभाऊंनी तीनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारताना आवाज अगदी हळू होता, आणि नंतर सावली कितीतरी वेळ कागदावर तशीच होती. जाताना त्यांनी मागं वळून बघितलं का, आणि बघितलं तर कोणत्या तोंडानं, रागानं की कंटाळून, एवढंच जयवंताबाईंना माहीत नव्हतं. एकोणतीस वर्षं त्यांना दुसरं काही जाणून घ्यायचं नव्हतं. माणूस गेला हे त्यांनी कधीच गिळलं होतं. आपल्यामुळं गेला का, ते घशात अडकून होतं.

"हे बघा," ऋचा म्हणाली आणि त्यांना लांबच लांब भिंतीपाशी घेऊन गेली.

भिंतीवर कागदच कागद टाचलेले. प्रदर्शनात येणाऱ्यांसाठी तिनं एक खेळ ठेवला होता. आतल्या छोट्या खोलीत सरांचं टेबल, त्यावर पस्तिसाव्या आणि छत्तिसाव्या चित्राच्या नकला. येणाऱ्यानं बसायचं आणि आपल्या मनानं सदतिसावं काढायचं. शाळांच्या सहली आल्या, म्हातारे आले, नवीन लग्न झालेली जोडपी आली. कुणाला रेघ सरळ ओढता येत नव्हती. काढलेला कागद कुलपाच्या पेटीत टाकायचा, दुसऱ्याचा कुणी बघायचा नाही. मागच्या आठवड्यात ऋचानं पेटी उघडली आणि तारखेप्रमाणं सगळे भिंतीवर लावले. चारशे बारा होते.

"यात काही विचित्र वाटतं का तुम्हाला?" तिनं विचारलं.

जयवंताबाई पहिल्या कागदापाशी गेल्या. कुणा लहान पोराचं काम होतं. डोकं भोपळ्याएवढं, पाय काड्यांचे. त्या माणसाच्या उजव्या हातात काहीतरी गोल लोंबत होतं. त्याला चोच होती. दुसऱ्या कागदावर तेच, तिसऱ्यावर तेच. दहाव्यावर कुणीतरी नीट मन लावून काढलं होतं, आणि त्या गोल वस्तूचं झाकण सुतळीनं दांड्याला बांधलेलं होतं.

स्टुडिओतल्या किटलीचं झाकण पडायचं म्हणून जयवंताबाईंनी स्वतः ते सुतळीनं बांधलं होतं. छत्तिसाव्या चित्रात किटली नव्हती. ती कोणत्याच चित्रात नव्हती.

"सगळ्यांनी हातात काहीतरी दिलंय," ऋचा म्हणाली. "आम्ही हसलो आधी. मग मी सगळे कागद स्कॅन करून ओळीनं चालवून बघितले. एकदा बघा तुम्ही."

कोपऱ्यातल्या पडद्यावर तिनं ते सुरू केलं. चारशे बारा अनोळखी हात, बारा चित्रांना एक सेकंद. रेघा थरथरत होत्या, डोकं लहानमोठं होत होतं, पण त्या सगळ्या गोंधळाच्या आत एक माणूस ठामपणे हालत होता. पाय हवेत तसाच. मान मात्र फिरत होती, अगदी सावकाश, आणि डावा हात हळूहळू वर, तोंडाकडं चालला होता. चौतीस सेकंदांनी पडदा काळा झाला तेव्हा मान जवळजवळ पूर्ण वळली होती आणि चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा कागद होता.

"एका पावलाला चौतीस सेकंद," जयवंताबाई पुटपुटल्या. "एवढं सावकाश कुणी चालत नाही."

"म्हणजे काय काकू?"

"रेंगाळतोय तो. जायचं नाहीये त्याला."

योगिनी मागं उभी होती. पडद्यावर ते पुन्हा सुरू झालं तशी तिनं नजर काढून घेतली आणि थर्मासचं झाकण उगीच फिरवून घट्ट केलं.

जयवंताबाईंनी भिंतीच्या दुसऱ्या टोकाचे कागद बघितले. सवयीनं चुका शोधल्या. शेवटच्या पन्नास-साठ कागदांत खांदे अरुंद झाले होते आणि डावा खांदा पडत नव्हता. हातातल्या वस्तूची चोचही गेली होती. ती आता सरळ, उभी, नळकांड्यासारखी दिसत होती. लोकांना शेवटी शेवटी कंटाळा आला असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. मधली चित्रं काढणाऱ्यांचं असं होतंच. बघता बघता आकार घसरत जातो.

"काकू," ऋचा जरा भीत भीत म्हणाली, "मधली चित्रं म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली ना? पहिलं मुख्य चित्र तर सरांनी काढलेलं आहे. मग हे सगळं चाललंय ते दुसऱ्या कुठल्या चित्राकडं?"

प्रश्न बरोबर होता. सरांनी असा प्रश्न विचारणाऱ्या पोरीला लगेच नोकरी दिली असती. जयवंताबाईंच्या डोळ्यांपुढं तो कोरा चेहरा होता. एक चित्र. फार तर एकच चित्र काढलं की नाक येईल, डोळे येतील, आणि ते कोणत्या तोंडानं गेले ते कळेल.

"तुझं ते टेबल कुठंय?" त्या म्हणाल्या.

खोली लहान होती, दगडी उंबरा चांगला वीतभर उंच. टेबल तेच. काचेच्या कडेला बिडीचा डाग तोच, कागद अडकवायच्या पितळी खुंट्या त्याच. ऋचानं दिवा लावला, काच पांढरी झाली. दार डाव्या हाताला होतं, जामबागेत होतं तसंच, आणि बाहेरच्या दालनाचा उजेड कागदावर तिरका पडत होता. साडेचार वाजले होते. पाचला सगळं बंद होणार होतं.

जयवंताबाई बसल्या. एकोणतीस वर्षं हातात पेन्सिल धरली नव्हती, पण बोटांनी ती ओळखली. पस्तिसावं खाली, छत्तिसावं वर, त्यावर कोरा कागद. खुंट्यांवर कागद बसल्याचा तो लहानसा आवाज झाला आणि बाकीचं जग लांब गेलं.

त्यांनी टाच काढली. पिंढरी, गुडघा, कंबरेची रेघ. पाऊल उचललं गेलं होतं. आता ते टेकेपर्यंत मान वर करायची नव्हती. हाताला सांगावं लागत नव्हतं. हात आपलं आपण चालला होता, आणि ते त्यांना आवडलं नाही. कारण त्यांना जो खांदा पाडायचा होता तो हात पाडत नव्हता. त्या डाव्या खांद्याची रेघ खाली ओढायला जात आणि ती सरळच उमटे. त्यांनी खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा सरळ. किटलीची चोच काढायला गेल्या तर पेन्सिल तिथून सरकून सरळ खाली गेली.

मग कागदावर सावली पडली.

"निघू का?"

आवाज दारातून आला. हळू होता, खोलीत घुमून आला तो, बाईचा का बाप्याचा कळेना. जयवंताबाई रेघ ओढत राहिल्या. आधी गळा, मग हनुवटी. त्यांची पेन्सिल हनुवटीवर होती. हनुवटी झाली की ओठ, ओठ झाले की सगळं कळणार होतं. कागदावरच्या माणसाचा डावा हात वर आला होता, ओठांच्या अगदी जवळ, एक बोट उभं. हे बोट कशाला, त्यांना समजेना.

"मी निघू का?"

ही दुसरी हाक. सावली हलली नाही. जयवंताबाईंना माहीत होतं, की मान वर केली तर दारात कुणी नसेल आणि कागदावरचा चेहरा कायमचा जाईल. एवढी एकच रेघ. त्या एका रेघेसाठी एकोणतीस वर्षं त्या रात्री उशी उलटी-सुलटी करत होत्या. त्यांनी ओठांची सुरुवात केली. ओठ पातळ निघाले. उदयभाऊंचे ओठ जाड होते, त्यावर मिशी होती. हनुवटी लहान, टोकदार. ही हनुवटी त्यांनी कुठं पाहिली होती? आज सकाळीच, स्वयंपाकघरात, थर्मास विसळताना.

मान वर केली की पुढचं पाऊल दुसऱ्याच माणसाचं पडतं.

त्या दिवशी आपण मध्येच उठलो होतो. पाऊल हवेत ठेवून उठलो होतो. मग पुढचं पाऊल कुणाचं पडायचं होतं? अरुंद खांदे, सरळ उभा थर्मास. लोकांना कंटाळा आला नव्हता. चारशे बारा माणसांनी एक आकार घसरू न देता बरोबर दुसऱ्या आकाराकडं नेला होता, आणि ते दुसरं मुख्य चित्र आता दारात उभं होतं.

"जाऊ ना मी?"

तिसरी हाक अगदी हळू आली. कागदावरची सावली एका बाजूनं बारीक व्हायला लागली.

जयवंताबाईंनी पेन्सिल टाकली आणि मान वर केली.

दारात योगिनी होती. एक पाय उंबऱ्याच्या आत, दुसरा उचललेला, उंबऱ्याच्या पलीकडं निघालेला. उजव्या हातात थर्मास. मान मागं वळलेली आणि डाव्या हाताचं बोट ओठांवर. भिंतीवरच्या सगळ्या कागदांचा शेवट तिथं जिवंत उभा होता, आणि किती वेळ झाला तरी ते पाऊल खाली येत नव्हतं.

"योगिनी," जयवंताबाई म्हणाल्या. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "योगिनी, थांब."

योगिनीचा पाय आत आला. तिनं बोट खाली घेतलं आणि दाराच्या चौकटीला धरलं.

"काय झालं माहीत नाही आई," ती म्हणाली. "पाय उचललेला राहिला. खालीच येईना."

"बोट कशाला ठेवलं होतंस तोंडावर?"

"ते ऋचाला. ती तुला मोठ्यानं हाक मारत होती की. मी तुझ्याकडं बघत बघत तिला म्हटलं गप, आई कामात आहे, आपण चहा घेऊन येऊ. मी तीनदा विचारले तुला. तू हौ म्हणेना, नाही म्हणेना."

बाहेर ऋचा उभी होती. आतलं काही आपल्यासाठी नाही हे तिला कळलं असावं, कारण ती हळूच दालनाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली.

टेबलाला धरून जयवंताबाई उभ्या राहिल्या. आता नाही बोललो तर मरेपर्यंत बोलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"त्यांनी पण तीनदा विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी. मी सगळ्यांना एकदा म्हणून सांगितलं. तीनदा विचारलं, योगिनी, आणि मी मान वर केली नाही. एका कागदासाठी."

योगिनीला धक्का बसला नव्हता, आणि हेच जयवंताबाईंना कळेना.

"मला मालूम आहे," ती म्हणाली.

"तुला कसं?"

"मी झोपले नव्हते. टेबलाखाली होते. तिथून बाबा दिसत होते." ती उंबऱ्याकडं बघत बोलत होती. "तिसऱ्यांदा विचारून ते दारात थांबले. मग वळून बघितले. तुझ्याकडं आधी, मग खाली माझ्याकडं. मी तुला हाक मारणार होते, 'आई, बाबा बुला रहे' म्हणून. तर त्यांनी असं केलं."

तिनं बोट ओठांवर ठेवलं. तसं करताना ती हसली, आणि ते हसू तिचं नव्हतं. खालचा ओठ एका बाजूला जरा जास्त ओढून हसायची ती रीत जयवंताबाईंनी एकोणतीस वर्षांत बघितली नव्हती. त्यांनी तोंडावर पदर धरला.

"रागात नव्हते?"

"नाही. हसत होते. आईला काम करू दे, असं. मग गेले."

पुढं काय झालं, ते इराण्याकडं पोचले का, अफझलगंजला गेले का, का गेले, यातलं काहीच त्या हसण्यात नव्हतं. ते कधी कळणारही नव्हतं. पण ज्या तोंडानं गेले ते तोंड इतकी वर्षं घरातच होतं, त्यांच्या समोर जेवत होतं, आणि त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"एवढ्या वर्षांत बोलली नाहीस," त्या म्हणाल्या. "आजी मला काय काय बोलायची, तू ऐकायचीस. मी रडायचे, ते बघायचीस. एकदा तरी सांगायचंस गं."

योगिनीनं थर्मास दोन्ही हातांनी धरला. तेहतीस वर्षांची ती बाई एकाएकी चार वर्षांची दिसायला लागली.

"गप राहायला सांगितले होते ना बाबांनी," ती म्हणाली. "त्यांनी परत कधी सांगितलंच नाही, की आता बोल म्हणून."

दालनातले दिवे एकेक करून बंद व्हायला लागले होते. काचेवरच्या कागदात पाऊल हवेत होतं आणि चेहरा अर्धा. जयवंताबाईंनी त्याच्याकडं पुन्हा बघितलं नाही. कोपऱ्यात 'ज' टाकायचा राहिला होता, तो राहू दिला. हात पुढं करून त्यांनी टेबलाचं बटण बंद केलं आणि लेकीचा दंड धरला.

"चल," त्या म्हणाल्या. "चहा आणायला मी पण येते. आधी तू पुढं हो."

योगिनीनं उंबऱ्यावरून पाय टाकला. तिचं पाऊल पलीकडं टेकेपर्यंत जयवंताबाईंनी तिच्यावरची नजर काढली नाही.